गुलाबाची बाटली

कात्री रबराच्या नळीतून इतकी सहज गेली, की टॅबिथाला वाटलं बाईने नळी कापलीच नाही, नुसती चिमटीत धरून दाखवली. मग नळीचे दोन तुकडे टेबलावरच्या फडक्यावर पडले. क्लेगबाईंनी त्यातला एक उचलला, उभा चिरला आणि दोन अंगठ्यांनी उघडून तिच्यासमोर धरला. "वास घ्या म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "तो आपणहून येईल." आलाच तो. नळी बाहेरून काळीभोर, गुळगुळीत, दुकानातून काल आणल्यासारखी. आतून मात्र पिवळट करड्या बुळबुळीने माखलेली, आणि त्या बुळबुळीत नासक्या दुधाचे बारीक गोळे चिकटून बसलेले. "अहो, पण मी रोज धुते," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच आपला आवाज तिला शाळेत मार खाणाऱ्या पोरीसारखा वाटला. "बाटली धुता," क्लेगबाई म्हणाल्या. "नळी कशी धुणार? हातभर लांब, आणि भोक एवढंसं. वरून पाणी घालता, खालून निघून जातं, मधलं मधेच राहतं. ऑगस्टचा उकाडा हा असा. ते नासतं, आणि पोर तेच ओढतं." त्यांनी पाळण्याकडे पाहिलं. "कालपासून पातळ होतंय म्हणालात ना हिला?" टॅबिथाने मान हलवली. नातीच्या, लेटीच्या पोटाबद्दल विचारलं होतं आणि लेटीबद्दलच तिने मान हलवली होती, पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे लेटी नव्हती. सेथ होता, लेटीच्या आधीचा.

क्लेगबाई येणार हे अख्ख्या गल्लीला आठवडाभर ठाऊक होतं. शहरातल्या बड्या घरच्या बायकांनी आरोग्याचं मंडळ काढलेलं, आणि ते मंडळ दारोदार कुणाला तरी पाठवतं, ती येऊन तुमची मोरी हुंगते, बादलीचा संडास हुंगते आणि तुम्ही कसे गलिच्छ हे तुम्हालाच सांगून जाते, अशी बातमी होती. म्हणून टॅबिथाने सकाळीच दाराची पायरी घासणीच्या दगडाने पिवळीधमक केली होती, पितळी कडी उजळली होती, आणि पिसांची टोपी घातलेल्या कुणा बाईला दोन शब्द सुनवायची तयारी करून बसली होती. आली ती लाकडी तळव्यांचे बूट वाजवत, एका हातात मोरीत टाकायच्या चुनकट पावडरीची बादली, दुसऱ्या हातात साबणाची वडी, आणि त्या हातांची कातडी टॅबिथाच्या हातांसारखीच उललेली. चांभाराची बायको, पलीकडच्याच वस्तीतली. बादली खाली ठेवून ती आधी खुर्चीत बसली, "पाय मोडले बाई," म्हणाली, आणि टॅबिथाने मनातल्या मनात घोटून ठेवलेली सगळी वाक्यं फुकट गेली. आता तीच बाई कात्री पिशवीत टाकत होती. "दूध उकळायचं. आज दूधच नको, उकळून गार केलेलं पाणी, चिमटीभर मीठसाखर, चमच्याने, थोडं थोडं, सारखं. चमचा दर वेळी उकळत्या पाण्यातून काढायचा. ओकली तरी द्यायचं. रडली तर बरंच म्हणायचं, रडायला अंगात पाणी लागतं." टॅबिथाने विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?" क्लेगबाईंनी बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "तीन पुरली मी," त्या म्हणाल्या. "तिघांनाही नळीचीच बाटली होती. चांगली महागातली." मग दारातून बाहेर पडताना मागे वळून त्या म्हणाल्या, "ती बाटली घरात ठेवू नका, ग्रिमशॉबाई. कुणाची आठवण असली तरी."

कुणाची आठवण, हे क्लेगबाईंना कसं कळलं? कदाचित बाटलीकडे बघूनच कळलं असेल, कारण रोजच्या वापरातल्या वस्तूला असं फडकं पांघरून कुणी ठेवत नाही. चपटी, कासवाच्या पाठीसारखी बाटली, हिरवट काचेची, आणि तिच्या पोटावर काचेतच उठवलेला एक गुलाब. तिच्या नवऱ्याने, एनॉकने आणली होती ती. सेथला पहिल्यांदा आजोळच्या घरी आणलं त्या दिवशी. पोर पहिल्यांदा घरात आलं की त्याच्या मांडीवर एक अंडं ठेवायचं, चिमूटभर मीठ ठेवायचं, काडेपेटीतली एक काडी ठेवायची आणि चांदीचं नाणं ठेवायचं, म्हणजे त्याला जन्मात कशाची वाण पडत नाही. हे टॅबिथाच्या आईने केलं होतं, तिच्या आईने केलं होतं. अंडं एनॉकच्या स्वतःच्या कोंबडीचं होतं. मीठ झालं, काडी झाली, आणि नाण्याची वेळ आली तेव्हा हा बाबा कोटाच्या खिशातून ही बाटली काढतो! नळीसकट, चोखणीसकट, कोऱ्या कागदात गुंडाळलेली. "चांदीपेक्षा भारी आहे," तो ओरडून म्हणाला. तो नेहमीच ओरडून बोलतो, गिरणीतल्या साच्यांनी, कापड विणायच्या यंत्रांनी, त्याचे कान खाल्ले आहेत. "औषधवाला म्हणाला, राजवाड्यातली पोरं याच्यातूनच पितात. पोर पाळण्यात पडून आपलं आपण ओढतं, आजीचे हात मोकळे!" आणि सेथने ओढून दाखवलं. नळीचं टोक तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, बाटली पोटाशी. एनॉकने आपला मातीचा पाइप तोंडात धरला आणि त्याच्या शेजारी तसेच डोळे मिटून बसला. "बघ टॅबी," म्हणाला, "दोघे पाइपवाले." त्यांची मुलगी रूथ, सेथची आई, हसून हसून रडली होती. टॅबिथाला ते सगळं इतकं स्वच्छ आठवत होतं, की तिने फडक्यावरच्या नळीच्या तुकड्यावरून नजर काढून खिडकीकडे वळवली.

ती एनॉकवर प्रेम करत होती, हे तिला सांगायला लागलं असतं तर ती लाजली असती, आणि तरी ते खरं होतं, पन्नाशी उलटून गेली तरी खरं होतं. दोघं एकाच गिरणीत, एकाच विणाई खात्यात मोठी झाली. ती साच्यावर आणि तो साचे दुरुस्त करणारा जॉबर. त्यामुळे अहो-जाहो कधी झालंच नाही. शेकडो साच्यांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथे सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ, मोठे करून, चेहऱ्याला ताण देऊन. तिला त्याने लग्नाचं असंच विचारलं होतं, चार साच्यांच्या पलीकडून, आणि मधल्या पाच बायकांनी ते वाचून तिच्याआधी हो म्हटलं होतं. घरीही ती सवय राहिली. आता तर त्याला जवळपास काहीच ऐकू येत नाही, आणि तिच्या एका कानात थोडं उरलंय. शेजारीपाजारी म्हणतात, ग्रिमशॉंच्या घरात किती शांतता असते. त्यांना काय ठाऊक, तिथे दिवसभर केवढी बडबड चालते. भांडणसुद्धा तसंच. एनॉकला भांडण संपवायचं असलं की तो नुसता पाठ फिरवतो, म्हणजे तिचे ओठ दिसत नाहीत, आणि मग ती चमचा उचलून त्याच्या पाठीत मारते.

ऐकू येत नसलं तरी एनॉकला सेथचं रडणं कळायचं. तो आपला रुंद तळहात पोराच्या पाठीवर ठेवायचा. "रडतोय," म्हणायचा, "भुकेने रडतोय," किंवा "हे नुसतंच रडणं आहे, नखरा आहे." कधी चुकायचा नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टमध्ये सेथला जुलाब लागले तेव्हा गल्लीत आणखी कितीतरी पोरांना लागले होते. हवा वाईट होती असं सगळेच म्हणत. मागच्या बोळातल्या बादल्या उन्हात तशाच पडून होत्या, माशा टेबलावर इतक्या की भाकरी पांढरी दिसत नव्हती. टॅबिथाने सेथला बाटली दिली. तो ओकला, तिने पुन्हा दिली. शक्ती यावी म्हणून जास्त दिली. हा विचार तिच्या मनात आत्ता आला, आणि ती पाळण्याची कड धरून उभी राहिली. शक्ती यावी म्हणून. शेवटच्या दिवशी दुपारी एनॉकने तळहात त्याच्या पाठीवर ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि काही न बोलता काढून घेतला. तो हात त्याने नंतर पाण्यात धरला, कितीतरी वेळ, परसातल्या नळाखाली. सेथची छोटी पेटी त्याने स्वतःच बगलेत धरून नेली. परत आल्यावर त्याने तिला एकदाच विचारलं, ओठांनी, रूथला कळू नये म्हणून: आपल्या हातून काही राहिलं का, टॅबी? आणि ती म्हणाली होती: नाही. हवा वाईट होती. आपल्या हातून काही राहिलं नाही. तेवढ्या एका उत्तरावर तो उभा राहिला. हळूहळू कोंबड्यांकडे जायला लागला, पाइप पेटवायला लागला, चहात पुन्हा साखर मागायला लागला. त्याने परत कधी विचारलं नाही.

बाटली मात्र शेल्फवर राहिली, चांगल्या कपबश्यांच्या शेजारी. फेकवेना. सकाळी ऊन आलं की गुलाबातून हिरवं पडायचं भिंतीवर. आणि यंदाच्या मार्चमध्ये लेटी झाली, रूथ महिन्याने साच्यांवर परत गेली, खाडा केला असता तर साचे दुसरीला गेले असते, तेव्हा टॅबिथाने ती बाटली खाली काढली. भावाची बाटली बहिणीला. तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिघांनाही ते बरोबर वाटलं होतं. देवाने घेतलं ते असं थोडंसं परत दिल्यासारखं. जुनी नळी तडकली होती, म्हणून एनॉक जाऊन नवी घेऊन आला. पहिलीपेक्षा लांब. "आता कुशीवर वळली तरी पुरेल," म्हणाला, आणि कौतुकाने नळी हातभर ताणून दाखवली. म्हणजे दोन्ही वेळा त्यानेच. दोन्ही वेळा जीव टाकून, पायपीट करून, खिशातले तंबाखूचे पैसे काढून. हे त्याला कळलं तर? टॅबिथाने स्वतःला विचारलं. स्वतःचं तिला तेवढं वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं, खूप वाटत होतं, पण ते ती सोसेल, बायका असलं पुष्कळ घेऊन धुणी धुतात. एनॉक नाही सोसणार. तो पुन्हा नळाखाली हात धरून उभा राहील आणि या वेळी काढणारच नाही.

लेटी पाळण्यात पडून होती. सकाळपासून ती रडली नव्हती. परवा किरकिरत होती, काल रडत होती, आज नुसती बघत होती, आणि तिची टाळू बोटाखाली किंचित खोल लागत होती. टॅबिथाने पाणी उकळायला ठेवलं होतं, ते गार झालं, तिने मीठसाखर घातली, चमचा किटलीतून काढला आणि पहिला घोट दिला. तो गालावरून ओघळला. दुसरा ओघळला. तिसरा आत गेला असावा. चमचा पुन्हा उकळत्या पाण्यात. साच्यावर तुटलेला धागा एका झटक्यात ओवणारा हात तिचा, पण चमचा नेमका लागेना, याचाच तिला राग आला. मधेच ती उठली. बाटली फडक्यात गुंडाळली, परसात नेली, फरशीवर ठेवली आणि निखारे सारायच्या सळईने एकदाच मारली. आवाज फारसा झाला नाही. फडकं उघडलं तर सगळ्या तुकड्यांत गुलाब तेवढा अख्खा राहिलेला. त्याला पुन्हा मारायला तिला धैर्य झालं नाही. तुकडे, नळी, सगळं तिने राखेच्या बादलीत टाकलं आणि वर राख ओढली. हातून पडली, फुटली. एवढंच सांगायचं. वेंधळी आहेस म्हणेल, म्हणू दे.

मग ती लेटीला घेऊन खिडकीशी बसली, उजेडात, म्हणजे तोंडाचा रंग दिसेल. चमचा, थांबायचं, चमचा. पोर तिच्याकडे टक लावून बघत होतं. आणि टॅबिथाला आतलं आतच राहीना. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि हे पोर कुणाला जाऊन सांगणार? तरी शेजारचं कुणी दारात असेल, भिंती पातळ, म्हणून तिने आवाज काढलाच नाही. नुसत्या ओठांनी बोलली. आयुष्यभराच्या सवयीने, मोठे मोठे ओठ करून, एकेक शब्द चेहऱ्यावर मांडून. लेटी, तुझा भाऊ हवेने गेला नाही गं. नळीत घाण होती. आम्ही प्रेमाने पाजली. आजोबांनी आणली आणि मी भरली. तुझ्या आजोबांना मी सांगणार नाही. कधीच सांगणार नाही. तू फक्त पी. उकळलेलं पाणी आहे, दूध आज नाही, उद्या, उकळून, चमचाही दर वेळी उकळत्यातून काढतेय, आता काही होणार नाही, तू पी, माझे आई. असं ती किती वेळ बोलत होती कोण जाणे. सांगून झालं तेव्हा तिला जरा हलकं वाटलं. या घरात आवाज न करता बोललं की गुपित राहतं, असं तिला त्या घटकेला खरंच वाटलं होतं.

एनॉक आत आला तो नेहमीसारखा मागच्या दाराने, कोंबड्यांकडून, टोपीत दोन अंडी घेऊन. अंडी त्याने टेबलावर ठेवली. ती गडगडली, त्याने थांबवली. टॅबिथाने तोंड वर केलं आणि मोठ्याने सांगितलं, ओठ आणि आवाज दोन्ही एकदम, कारण खोटं बोलताना तिला नुसत्या ओठांचा भरवसा वाटला नाही. "बाटली फुटली रे. हातून निसटली."

"फुटली?"

"परसात. धुताना. वेंधळी मेली मी."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "काच ती," तो म्हणाला. "फुटायचीच." ओरडला नाही, त्याच्या मानाने फारच हळू बोलला. मग लेटीजवळ आला, हात पुढे केला, आणि तिच्या पाठीवर न ठेवता तसाच मागे घेतला. "पोट?"

"तसंच. पण थोडं पाणी आत गेलंय."

"मी येतो जाऊन," तो म्हणाला.

"अरे, जेवण?"

पण त्याने पाठ फिरवली होती, म्हणजे संपलंच. कोट घालून तो पुढच्या दाराने बाहेर पडला. आणि त्याच्या पाठीमागे दार लागल्याबरोबर टॅबिथाच्या लक्षात आलं, की हा कुठे गेला. औषधवाल्याकडे. दुसरं कुठे जाणार? बाटली फुटली म्हटल्यावर हा माणूस उपाशीपोटी धावत जाऊन दुसरी घेऊन येणार, आणखी चांगली, आणखी लांब नळीची, आणि दारात उभा राहून ती हातभर ताणून दाखवणार. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मग मात्र सांगावंच लागेल. त्याच्या हातातून ती काढून घेऊन, त्याच्या डोळ्यांसमोर कापून, जसं क्लेगबाईंनी दाखवलं तसं उघडून. नवी नळी तर आतून स्वच्छ असेल, मग नुसतं दाखवून भागणार नाही, शब्दांनी सांगावं लागेल. कोणते शब्द? एनॉक, सेथला. इथपर्यंत तिने मनात म्हणून पाहिलं आणि पुढे जाता येईना. लेटीने एक उचकी दिली, चमचाभर बाहेर काढलं, टॅबिथाने पुसलं आणि पुन्हा चमचा लावला. गल्लीत ऊन तापलं होतं. कुणीतरी पायरी धुतली, ते पाणी वाहत गेलं. न सांगितलं तर पोरगी जाईल, आणि सांगितलं तर म्हातारा. तिने दोघांनाही एकदम कवेत धरल्यासारखं पोर छातीशी धरलं, आणि ठरवलं की सांगायचं. पोरगी आधी. एनॉक मला माफ करील, आणि स्वतःला नाही केलं तर मी आहे, मी त्याचा हात नळाखालून ओढून काढीन.

त्याला यायला खूप वेळ लागला. औषधवाला कोपऱ्यावर, आणि हा माणूस निम्मी दुपार उलटल्यावर आला, कपाळावर घाम, बुटांना वाळकी माती. टॅबिथा उठून उभीच राहिली होती, वाक्य ओठांवर आणून. त्याच्या हातात झाकणाची कथलाची बरणी होती. कागदात गुंडाळलेलं दुसरंही काहीतरी होतं, लहानसं. "रेल्वेच्या पुलापलीकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "वरच्या फार्मवर. माझ्यासमोर काढलंय दूध. कोपऱ्यावरच्या दुकानात उघडं असतं दिवसभर, माशा पोहतात." बरणी त्याने टेबलावर ठेवली. "आज नाही द्यायचं. उद्या, उकळून." मग त्याने कागद उघडला. चमचा होता. छोटा, उथळ, शिंगाचा, कडा पोराच्या ओठाला लागणार नाहीत अशा घासलेल्या. किटलीवरचं झाकण काढून त्याने तो वाफेत धरला, मग पाण्यात बुडवला, आणि बोटं भाजली तरी धरून राहिला. "दर वेळी असाच ना?" त्याने विचारलं. "उकळत्यातून?"

हे टॅबिथाने त्याला सांगितलं नव्हतं. दूध आज नाही, उद्या, उकळून; चमचा दर वेळी उकळत्यातून; यातला एक शब्द तिने त्याला सांगितला नव्हता. क्लेगबाई त्याला भेटल्या नव्हत्या. मग तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकीशी ओढलेली आपली खुर्ची, त्यापुढे काच, काचेपलीकडे परस, आणि परसाच्या टोकाला मागचं फाटक, जिथून तो टोपीत अंडी घेऊन येतो. काच आज तिनेच सकाळी घासली होती, त्या बाईला दाखवायला. ज्या माणसाने चार साच्यांपलीकडून तिचं हो वाचलं होतं, त्याला दहा पावलांवरून काय दिसणार नव्हतं? लेटीला मांडीवर घेऊन ती त्याच खुर्चीत बसली.

सगळं? तिने विचारलं. आवाज आपणहून गेला होता.

सगळं, तो ओठांनी म्हणाला.

तो खाली बसला, तिच्या खुर्चीसमोर, गुडघ्याला गुडघा लावून, गिरणीत जेवणाच्या सुट्टीत बसायचा तसा. त्याचा चेहरा म्हातारा दिसत होता आणि त्याच्यावर राग कुठे नव्हता. मी परत कधी विचारलं नाही, तो म्हणाला. तुझं उत्तर बरं होतं, ते मोडायचं नव्हतं मला. टॅबिथाने त्याच्या गालाला हात लावला. तो ओला होता. मी आणली ती, तो म्हणाला. दोन्ही वेळा. तिने मान हलवली आणि त्याचा चेहरा धरून आपल्याकडे वळवला, म्हणजे त्याला पाठ फिरवता येऊ नये. आणि भरली मी, ती म्हणाली. रोज. ओकला तरी भरली. आपण दोघांनी, एनॉक. एकट्याने घेऊन जाऊ नकोस ते. मला माझा अर्धा वाटा ठेव. त्याने ते वाचलं. नीट, शेवटपर्यंत वाचलं, आणि ओठ घट्ट मिटून मान हलवली. किटली वाजत होती, ती दोघांनाही फारशी ऐकू येत नव्हती.

मग एनॉकने नवा चमचा भरला आणि पुढे केला. त्याचा हात जॉबरचा, पाना फिरवायला सवकलेला. चमचा लेटीच्या हिरडीवर आपटला. लेटीने तोंड वेडंवाकडं केलं. डोळे मिटले, मुठी आवळल्या, पाय झाडले, आणि चेहरा आधी गुलाबी मग लाल झाला. टॅबिथाच्या बऱ्या कानात काहीतरी बारीक शिरलं, मग ते वाढलं, आणि वाढतच गेलं. एनॉक घाबरून चमचा मागे घेत होता. टॅबिथाच्या तोंडाकडे बघत होता, काय झालं, काय झालं म्हणत होता. तिने त्याचा हात धरला, तो मोठा, भाजलेल्या बोटांचा हात, आणि लेटीच्या पाठीवर नेऊन ठेवला. तो हात आखडला. दोन वर्षांत त्याने कुणाच्या पाठीवर तो ठेवला नव्हता. ती वरून आपला हात दाबून बसली. हळूहळू त्याची बोटं सैल झाली, पसरली. त्याने डोळे मिटले, पूर्वी मिटायचा तसे, आणि पोराची पाठ त्याच्या तळव्याखाली थाड थाड हलत राहिली.

"रडतेय," तो म्हणाला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला, "टॅबी, ही रडतेय!"

"ऐकू येतंय मला," टॅबिथा म्हणाली, आणि तिला स्वतःच्या आवाजाचा भरवसा नव्हता म्हणून ओठांनी पुन्हा म्हणाली.

"रागावलीय," एनॉक म्हणाला. हात त्याने काढला नाही. "नखरा नाही हा. तहान लागलीय तिला. बसलीस काय अशी? दे की, चमचा रिकामाच आहे."